उपग्रह, मोबाइल मनोरे आणि लहरींचा शेजार

संगमनेरहून आलेल्या एका पालकांच्या पत्राचा आशय असा : त्यांची मुलगी इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशन शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उपग्रहावरून थेट मोबाइलला सेवा देणे आणि त्यातून जमिनीवरील जाळ्याला होणारा व्यत्यय टाळणे, या कामात तिला शिरायचे आहे. नातेवाईक याला स्वप्नरंजन म्हणतात आणि डेटा सायन्सचे प्रमाणपत्र घेऊन सॉफ्टवेअरकडे वळण्याचा सल्ला देतात. या क्षेत्रात नोकरी मिळेल का आणि पुढच्या सत्रात कोणता ऐच्छिक विषय घ्यावा, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

आदरणीय महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या मुलीने निवडलेला विषय स्वप्नरंजन नाही, हे सांगण्यासाठी मी अमेरिकेतील एका ताज्या वादाचा आधार घेतो. तेथे स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक जाळ्याचे उपग्रह टी-मोबाइल या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांच्या साध्या फोनशी थेट बोलतात आणि त्यासाठी टी-मोबाइलच्याच ताब्यातील वारंवारितेचा ५ मेगाहर्ट्झ रुंद पट्टा वापरतात. एफसीसी या नियामक संस्थेने मार्च २०२४ मध्ये अशा सेवेचे नियम केले, तेव्हा ठरलेल्या पट्ट्याबाहेर सांडणाऱ्या ऊर्जेवर दर चौरस मीटरला, दर मेगाहर्ट्झला उणे १२० डेसिबल-वॅट अशी मर्यादा घातली. स्पेसएक्सला ती जाचक वाटली. उलट, मर्यादा सैल केली तर शेजारच्या पट्ट्यातील आपल्या ग्राहकांचा वेग सरासरी १८ टक्क्यांनी घटेल, असे गणित एटी अँड टी या स्पर्धक मोबाइल कंपनीने मांडले आणि दुसरी स्पर्धक व्हेरायझन हिनेही विरोध नोंदवला. अखेर मार्च २०२५ मध्ये काही अटींवर ही मर्यादा उणे ११०.६ पर्यंत सैल करण्यात आली. हा फरक अवघा ९.४ डेसिबलचा दिसतो, पण डेसिबल हे पटींचे माप असल्यामुळे तो साध्या पटीत मांडला तर जवळजवळ पावणेनऊ पट भरतो. एवढ्या फरकासाठी मोठमोठ्या कंपन्या महिनोन्‌महिने कागद लढवत होत्या, आणि ते कागद तयार करणारे अभियंतेच होते. मुलीला जे काम करायचे आहे, ते हेच.

हे काम अवघड का आहे, तेही आपण समजून घ्यावे. समजा, मनोरा फोनपासून २ किलोमीटरवर आहे आणि उपग्रह ५०० किलोमीटरवर. अंतर अडीचशे पट वाढले की केवळ पसरण्यामुळे संकेत साडेबासष्ट हजार पट क्षीण होतो. शिवाय उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावत असल्यामुळे २ गिगाहर्ट्झच्या लहरीची वारंवारिता ४५ किलोहर्ट्झपर्यंत सरकू शकते, आणि फोरजीच्या उपवाहकांमधले, म्हणजे माहिती विभागून नेणाऱ्या शेजारशेजारच्या बारीक लहरींमधले, अंतर तर १५ किलोहर्ट्झच असते. मोबाइल तंत्रज्ञानाची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेने २०२२ मध्ये पूर्ण केलेल्या मानकांच्या १७व्या आवृत्तीत यावर उपाय दिला आहे : उपग्रहाने आपल्या कक्षेची माहिती प्रसारित करावी आणि फोनने स्वतःचे स्थान ओळखून वारंवारिता व वेळ आधीच दुरुस्त करून घ्यावी. जुन्या, साध्या फोनसाठी मात्र ही दुरुस्ती उपग्रहाच्या बाजूनेच करावी लागते.

डेटाच्या वाहतुकीचा प्रश्न याहून वेगळा आहे. उपग्रहाचा एक झोत कित्येक किलोमीटरचा प्रदेश व्यापतो आणि त्यातील सर्वांना तो अरुंद पट्टा वाटून घ्यावा लागतो. दाट वस्तीत काही शे मीटरवर असणाऱ्या मनोऱ्याची बरोबरी त्याला करता येणार नाही. म्हणून मनोरा मिळतो तोवर फोनने मनोऱ्यालाच धरून राहावे आणि हरिश्चंद्रगडाच्या माथ्यासारख्या रेंज नसलेल्या जागीच उपग्रहाकडे वळावे, असे प्राधान्यक्रम जाळ्यात बसवावे लागतात. झोताच्या कडेला, जेथे दोन्ही संकेत अर्धवट पोहोचतात, तेथे हे ठरवणे सर्वांत कठीण असते.

व्यत्यय म्हणजे नेमके काय, हे मी एका तालुक्याच्या गावी, एका केबलचालकाच्या कंट्रोल रूममध्ये पाहिले आहे. फाइव्हजी सुरू झाल्यापासून त्यांच्या मोठ्या डिशवरील काही वाहिन्या अडकत होत्या आणि डिश फिरवून फिरवून ते थकले होते. भारतात फाइव्हजीचा एक पट्टा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा आहे आणि उपग्रह वाहिन्यांचा सी-बँड ३७०० पासून सुरू होतो. डिशच्या तोंडाशी बसवलेला त्यांचा जुना एलएनबी, म्हणजे संकेत वाढवून खालच्या वारंवारितेवर आणणारा डबा, मात्र ३४०० पासूनचे सगळेच आत ओढत होता. तंत्रज्ञाने कोणत्या वारंवारितेवर किती ऊर्जा आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम अॅनालायझर जोडला, तेव्हा पडद्याच्या एका बाजूला मनोऱ्याचा रुंद उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला उपग्रहाच्या बारीक लाटा दिसल्या. डिशवरून आलेल्या लहरी गोळा करणारा फीडहॉर्न आणि एलएनबी यांच्यामध्ये फिल्टर बसवल्यावर तो उंचवटा खाली बसला आणि चित्र स्थिरावले. मनोरा आपल्या हद्दीतच बोलत होता, उपग्रहाचेही काही चुकले नव्हते; दोष ऐकणाऱ्या यंत्राच्या कानात होता. व्यत्ययाच्या तक्रारीत पहिला संशय नेहमी शेजाऱ्यावर जातो, म्हणून मोजमाप आधी आणि मत नंतर, ही सवय मुलीला आत्ताच लागावी असे मला मनापासून वाटते.

आता नोकरीबद्दल. केवळ याच कामाच्या जागा आपल्याकडे आज थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. पहिली नोकरी बहुधा मोबाइल कंपनीसाठी किंवा तिच्या कंत्राटदाराकडे आरएफ ऑप्टिमायझेशनची, म्हणजे मनोऱ्यांचे रेडिओ संकेत नीट जुळवण्याची मिळेल, ज्यात गाडीत फोन आणि लॅपटॉप घेऊन ड्राइव्ह टेस्ट करत, म्हणजे रस्तोरस्ती संकेत मोजत फिरावे लागते. मुलीला हे काम झेपेल का, अशी शंका घरात निघाली असेल, तर ती बाजूला ठेवावी, कारण या कामाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत जे शिकायला मिळते ते वर्गात मिळत नाही. त्यापुढे उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या, इस्रोचे अहमदाबाद येथील स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटर आणि दूरसंचार विभागाची स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचे पट्टे, सांभाळणारी शाखा असे मार्ग आहेत. सरकारी मार्गासाठी यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आणि उच्च शिक्षणासाठी गेट ही प्रवेश परीक्षा, या दोन्हींचा अभ्यासक्रम बराचसा एकच आहे. नियम घडवण्याचे कामही वाढते आहे : २०२७ मध्ये शांघायला भरणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेत उपग्रह आणि साधे फोन यांच्या थेट जोडणीसाठी कोणते पट्टे द्यावेत, हा विषय आहे. भारताच्या दूरसंचार अधिनियम २०२३ ने उपग्रह सेवांचा स्पेक्ट्रम लिलावाऐवजी प्रशासकीय पद्धतीने देण्याची तरतूद केली आहे.

ऐच्छिक विषय म्हणून तिने अँटेना व लहरप्रसारण घ्यावे. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा तिने अवश्य शिकावी, पण या विषयाच्या सोबतीने. डेटा सायन्सचे प्रमाणपत्र नंतरही घेता येईल, लहरींचा पाया मात्र नोकरीत कोणी बसवून शिकवत नाही. या आठवड्यात तिने एक गणित कागदावर सोडवावे : २ गिगाहर्ट्झवर ५०० किलोमीटर अंतरात किती डेसिबलची घट होते? उत्तर १५२ च्या आसपास आले पाहिजे. मग २०० मिलिवॅटचा फोन तिथवर पोहोचण्यासाठी उपग्रहाची अँटेना किती मोठी लागेल, हे तिचे तिलाच शोधावेसे वाटेल.

आणखी एक गोष्ट आपल्या हाताशी आहे. संगमनेरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातील अतिशय क्षीण संकेत टिपणाऱ्या या दुर्बिणीला मोबाइल मनोऱ्यांचा त्रास होतो आणि ११७६ मेगाहर्ट्झजवळ दिशादर्शक उपग्रहांचाही होतो, म्हणून तेथील अभियंते हा व्यत्यय मोजतात आणि गाळतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे प्रदर्शन भरते. त्या वेळी आपण मुलीला घेऊन जावे आणि मनोऱ्याचा संकेत व उपग्रहाचा संकेत पडद्यावर वेगळे कसे ओळखतात, हे तिने स्वतः विचारावे. मिळालेले उत्तर तिने मला लिहून कळवले, तर एम.टेक.साठी कोणती शाखा घ्यावी याविषयी मी तिलाच सविस्तर लिहीन.

कळावे, लोभ असावा.