वडिलांची मारुती ८००: विमा किती घ्यावा?

प्रश्न: मी कोल्हापुरात रमणमळ्यात राहतो. रोजच्या वापराला वॅगन आर आहे. दोन महिन्यांपूर्वी वडील गेले. त्यांची २०१२ची मारुती ८०० विकायला मन होत नाही. वर्षाकाठी हजारेक किलोमीटर, गावाकडे जाण्यापुरतीच ती चालते. पॉलिसी पुढच्या महिन्यात संपते. एजंटने फुल इन्शुरन्सचे ५,१८५ रुपये सांगितलेत, गाडीची किंमत ५५,००० धरून. नुसता थर्ड पार्टी घेऊ का? वॅगन आरचा नो क्लेम बोनस हिला लावता येईल का? घरात गाडी चालवणारा मी एकटाच आहे.

उत्तर: गाडी ठेवायची की नाही, यावर मी काही बोलणार नाही. ती ठेवायची असं धरूनच हिशेब मांडतो.

पण पैशांच्या आधी कागद. मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. तुमचे दोन महिने गेलेत. आरटीओत फॉर्म ३१ भरून आरसी स्वतःच्या नावावर करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. आरसी एकाच्या नावावर, पॉलिसी दुसऱ्याच्या, असं असलं की क्लेम तिथेच अडकतो.

वॅगन आरचा बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडीच्या (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळणारी सूट, ८००ला लागणार नाही. बोनस मालकाचा असतो हे खरं, पण एका वेळी एकाच गाडीवर. मात्र वडिलांचा बोनस तुम्हाला मिळू शकतो. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी पत्नी, मुलं किंवा आईवडिलांकडे आली, तर त्या गाडीवरचा बोनसही त्यांच्याकडे येतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो. वडिलांच्या पॉलिसीवर आकडा बघा. एजंटच्या कोटेशनमध्ये तो धरलेला दिसत नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर तो बुडतो, म्हणून नूतनीकरण लांबवू नका.

आता ते ५,१८५ सुटे करू. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे, म्हणजे ओडीचे १,९००, दुसऱ्याच्या नुकसानीचे, म्हणजे थर्ड पार्टीचे २,०९४, मालक-चालक अपघात विम्याचे ४००, वर १८ टक्के जीएसटी. यातला अपघात विमा वॅगन आरच्या पॉलिसीत असेल, तर दुसऱ्या गाडीवर तो पुन्हा घ्यायची सक्ती नाही. तो काढायला सांगा. ओडीवर ५० टक्के बोनस धरला की ते ९५० होतात. एकूण जीएसटीसह ३,५९२ रुपये. नुसता थर्ड पार्टी २,४७१ रुपयांना पडेल. म्हणजे फरक १,१२१ रुपयांचा.

थर्ड पार्टी टाळता येत नाही, गाडी कितीही कमी चालो. त्यात समोरच्याच्या मालमत्तेची साडेसात लाखांची मर्यादा ६,००० वर आणली तर शंभर रुपये वाचतात. ते वाचवू नका. एखाद्या नव्या गाडीला मागून धडकलात तर ६,००० रुपयांत तिचा बंपरसुद्धा होणार नाही.

ओडी मात्र एरवी मी तुम्हाला सोडायलाच सांगितलं असतं. दहा वर्षांवरच्या गाडीच्या प्लॅस्टिक आणि धातूच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. वर प्रत्येक क्लेमला हजार रुपये सक्तीने तुमच्या खिशातून जातात. चार हजारांचा बंपर-दिवा आणि दोन हजारांची मजुरी असं बिल झालं, तर हातात तीनच हजार येतात आणि बोनसही जातो. असे किरकोळ क्लेम करूच नका.

पण तुम्ही रमणमळ्यात राहता. २०१९ला आणि पुन्हा २०२१ला पुरात कोल्हापूरचं काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी गाठते, ४३ला धोका. त्या दोन आकड्यांमधल्या वेळात तुम्ही घरच्यांना वॅगन आरमधून बाहेर काढाल, आणि दुसरा चालक नसल्याने ८०० दारातच राहील. पुराचं नुकसान थर्ड पार्टीत मिळत नाही. काही कंपन्या थर्ड पार्टीला आग-चोरीची जोड देतात, त्यातही पूर नसतो. ५५,०००च्या गाडीसाठी वर्षाला १,१२१ रुपये मला इथे रास्त वाटतात. फुल इन्शुरन्सच घ्या. तुमचं घर कळंब्याच्या चढावर असतं, तर उत्तर वेगळं असतं.

बोनस मिळालाच नाही, तर फरक २,२४२ वर जातो. तेव्हा कमी किलोमीटरवर हप्ता ठरवणारी पॉलिसी या वयाच्या गाडीला मिळते का, ते विचारा. २०२२पासून अशा पॉलिसींना परवानगी आहे आणि तुमचं हजार किलोमीटर त्यात चपखल बसतं.

२०२७मध्ये नोंदणीची १५ वर्षं पूर्ण होतील. फेरनोंदणी आणि हरित कराचा खर्च तेव्हा विम्यापेक्षा मोठा असेल. त्याची तजवीज आतापासून करा, महिना तीन-चारशे रुपये बाजूला टाकले तरी पुरे.