नातवाच्या खेळात आजोबांनी किती बोलावं?

‘उत्साह द्यायला जातो, तर पोरं तोंडच फिरवतात.’ माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या आजी-आजोबांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं. सोलापुरातली मुलं पुण्याला, हैदराबादला, परदेशात गेलेली. नातवंडांचा सहवास सुट्टीपुरता, आणि तेवढ्या दिवसांत आयुष्यभराचा अनुभव त्यांच्या पदरात टाकायची घाई. कुणाची नात जुळे सोलापुरात चाकांच्या स्केट्सवर धडपडत असते, कुणाचा नातू थेट बर्फावर.

ज्या काकांबद्दल सांगतेय (ओळख पटेल असे तपशील बदललेत), ते मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले. तरुणपणी मैदानावर हॉकी खेळलेले, त्यामुळे नातू बर्फावरची का होईना, हॉकी खेळतो याचा कोण अभिमान! मुलगा टोरांटोला. काका एक हिवाळा तिकडे राहून आले, दर सामन्याला गेले. परत आल्यावर मात्र दहा वर्षांचा नातू व्हिडिओ कॉलवर येईना.

“मी काय वाईट बोलालोय का ओ मॅडम? सुधारावा म्हणूनच सांगतो ना?”

“सामना संपून गाडीत बसलात की पहिलं कोण बोलायचं?”

“मीच.”

“काय बोलायचात?”

“हेच, पास असा नको, तसा द्यायचा. आणि कोच तुला मिनिटभरात बाहेर का काढतो? दम वाढव जरा.”

“का काढतो, ते त्याला विचारलंत कधी?”

“त्यात काय विचारायचं? दिसतंच की. कच्चा आहे अजून.”

इथे मी थांबले. उत्तर मला अंदाजानं माहीत होतं, पण ते माझ्या तोंडून येऊन उपयोग नव्हता. काकांना एवढंच सांगितलं की या शनिवारी नातवाला हाच प्रश्न विचारायचा, खरोखर माहीत नाही अशा सुरात. त्यानंतर एकही सूचना द्यायची नाही.

पुढच्या वेळी काका आले ते खुर्चीत बसायच्या आतच बोलू लागले. इकडे संध्याकाळचे साडेसहा, तिकडे सकाळचे आठ. नातवाची आई नाश्त्याला हाका मारतेय आणि पोरगा फोन सोडायला तयार नाही. बर्फावर गोलकीपर धरून एका संघाचे सहाच जण असतात. इतक्या वेगात जीव तोडून पळायचं म्हणजे पाऊण मिनिट, फार तर मिनिटभर. मग दुसरे उतरतात. त्याला शिफ्ट म्हणतात, आणि सगळ्यात भारी खेळाडूही तसाच बाहेर येऊन बसतो.

“आमच्या वेळी अकरा जण. एकदा उतरलो की खेळ संपेपर्यंत आत,” काका म्हणाले. मग खाली बघत, “आख्खा हिवाळा मी त्या पोराला दम वाढव म्हणालोय.”

“आता काय वाटतं?”

“त्यानं मला स्टिकचंही सांगितलं ओ. दोन्ही बाजूंनी मारता येतं तिथं! आम्ही उलट्या बाजूनं चेंडू लावला की शिट्टीच.” डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा एखाद्या विद्यार्थ्याचा.

तो चेहरा बघायला मिळावा म्हणूनच मी हे काम करते. माझ्या विचारांवर मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलरचा प्रभाव आहे, हे मला भेटणाऱ्यांना लवकरच कळतं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, आपल्याला इथे जागा आहे, हे जाणवलं की मुलाला धीर येतो, असं तो मानायचा. काकांचा नातू इतके दिवस आजोबांसमोर परीक्षेला बसत होता. त्या शनिवारी पहिल्यांदा त्यानं आजोबांना शिकवलं. नुसती नातवाची स्तुती करा असं सांगितलं असतं, तर हे घडलं नसतं.

स्तुतीचंही तसंच. ‘तू चॅम्पियन आहेस’ म्हटलं की मूल फुलतं, पण पुढच्या वेळी हरायची भीतीही त्यासोबत येते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हुशारीची स्तुती झालेली मुलं अपयशानंतर लवकर खचली. मेहनतीची दखल घेतलेली मुलं टिकून राहिली. म्हणून जे दिसलं ते बोला. ‘पडलास तरी लगेच उठून परत पळालास, मी बघितलं.’ मुलाला एवढं पुरतं.

काकांची सहा वर्षांची नातही होती. रिंकचा, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानाचा, कठडा सोडायची नाही, आणि काका हात धरून ओढायचे. मोठ्या माणसानं वरून हात ओढला की मुलाचा तोल उलट जातो. शिकवायची सुरुवात पडण्यापासून करावी. गुडघे वाकवून कुशीवर पडायचं. मग गुडघ्यांवर येऊन, एक पाय पुढे रोवून उठायचं. हे जमलं की भीती बरीच ओसरते. मग बदकासारखी छोटी पावलं. डोक्याला हेल्मेट, हातात मोजे, आणि घोट्यापाशी नाडी घट्ट. आपल्याकडच्या चाकांच्या स्केट्सनाही बहुतेक हेच लागू पडतं, फक्त गुडघ्या-कोपरांना पॅड आणि मनगटाला गार्ड विसरू नका. बहिणीला शिकवायचं काम काकांनी आता नातवाकडे सोपवलंय. सून म्हणते, तो फार ओरडतो. ओरडू द्या थोडं.

हे सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो: “म्हणजे चुका दाखवायच्याच नाहीत? मग पोरगं शिकणार कसं?” चुका दाखवायला कोच आहे, तेही त्याच्या ठरलेल्या वेळी. घरी परतताना गाडीत मूल दमलेलं असतं, आणि हरलं असेल तर ते त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. तेव्हा पाणी द्या, खायला द्या, बोलायची सुरुवात त्याला करू द्या. त्यानं विचारलं, ‘आजोबा, मी काय चुकलो?’ तर जरूर सांगा, पण एकच गोष्ट. काका म्हणतात, हे एकावर थांबणं फार अवघड जातं. मी त्यांना दुसरी गोष्ट कागदावर लिहून खिशात ठेवायला सांगितलंय.