मावशी, आता बोलून काय फायदा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पोराचं पत्र आलं आहे. वय 25, जिनिंगमध्ये काट्यावर कामाला, तीन पानं लिहिली आणि शेवटचं तर काटापावतीच्या मागच्या बाजूनं. बाप गेल्यावर मायनं त्याला बालगृहात ठेवलं. तिथं 2013 पासून दोन वर्ष एका काळजीवाहकानं त्याच्यावर आणि अजून काही पोट्ट्यांवर अत्याचार केले. अधीक्षकाला सांगितलं तर उलट मार बसला, "संस्थेचं नाव खराब करतो काय" म्हणून. आता तोच माणूस दुसऱ्या एका होस्टेलवर आहे, 26 जानेवारीच्या फोटोत पोरांच्या मागे उभा दिसला. बायकोला यातलं काहीच माहीत नाही. तो विचारून राहिला, मावशी, इतक्या वर्षांनी बोलून काय फायदा, लोकं मलाच हसतील.

बाबू, तू लिहिलं ना की रात्री दाराच्या फटीतून टॉर्चचा उजेड आला की सगळे पोट्टे चादर डोक्यावर ओढून झोपेचं सोंग घ्यायचे, आणि आजही तू लाईट चालू ठेवूनच झोपतो, तिथं मी अडकले, पुढचं वाचायला मला वेळ लागला. मी शाळेत मास्तरीण होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक पोरगा होस्टेलवर जायचं नाही म्हणून रडत होता, अन् मीच त्याला समजावून, खाऊ देऊन एसटीत बसवलं. का नाही जायचं ते विचारलंच नाही मी. त्याच्यासोबत काय होत होतं ते मला आजही माहीत नाही, पण खिडकीतलं ते तोंड अजून दिसते. म्हणून तुला सांगते, तू तर 13 वर्षाचा असताना बोलला होता, तू चुप नव्हता, ऐकणारे बहिरे झाले होते.

आता तुझ्या प्रश्नाचं. तुझ्या स्वतःच्या केसचं काय करायचं ते तू ठरव, सावकाश ठरव, पण त्या फोटोतल्या पोरांचं आजच करावं लागेल. 1098 वर फोन लाव, चाइल्डलाइन आहे, चोवीस तास चालू असते, त्या माणसाचं आणि होस्टेलचं नाव सांग. संस्थेच्या ऑफिसात जाऊन आधी विचारपूस करू नको, त्यांना कळलं की पोरांना धमकावतील आणि रजिस्टर गायब होतील. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे आणि बाल संरक्षण कक्षाकडे लेखी अर्ज दे, पोच घेतल्याशिवाय परत येऊ नको.

उशीर झाला म्हणतो ना, तर ऐक. पॉक्सो, म्हणजे लहान पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे, तुझ्यावरचा अत्याचार त्याच्यानंतरचा. हा कायदा पोरगा पोरगी असा फरक करत नाही, आणि संस्थेतल्याच माणसानं केलं असेल तर शिक्षा अजून कडक आहे. लहानपणी झालेल्याची तक्रार मोठं झाल्यावरही करता येते, 2018 मध्ये केंद्राच्या महिला बालविकास मंत्रालयानं हे स्पष्ट केलं होतं. माहीत असून दाबून ठेवणाऱ्या संस्थाप्रमुखाला याच कायद्यात वर्षभरापर्यंत कैद आहे, म्हणजे अधीक्षकही सुटत नाही. ज्या गावात घडलं तिथल्याच ठाण्यात जावं लागते असं पण नाही, कुठंही झिरो एफआयआर होते. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचार, त्यांचा नंबर 15100.

पुरावा कुठून आणू म्हणतो, तर अरे तुझी टीसी, समितीचा दाखल करायचा आदेश, आणि तुझ्यासोबतचे पोट्टे. एखादा पुण्यात कंपनीत असेल, एखादा वावरात. शोध त्यांना, पण बोलायची जबरदस्ती कोणावर करू नको.

सोपं आहे असं मी म्हणणार नाही. खामगाव तालुक्यातल्या पाळ्याच्या आश्रमशाळेतलं पोरींवरच्या अत्याचाराचं प्रकरण 2016 मध्ये बाहेर आलं तेव्हा आपल्या विदर्भात किती गवगवा झाला, एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक बसलं, आणि काही महिन्यात लोकं विसरले पण. पण मुजफ्फरपूरचं पाहा, बिहारमधलं, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या टीमनं शेल्टर होममधल्या पोरींशी बोलून रिपोर्ट दिला, 2018 मध्ये सगळं उघडं पडलं, सुप्रीम कोर्टानं केस दिल्लीला हलवली आणि 2020 मध्ये 19 जण दोषी ठरले. तो होम चालवणारा चांगला वजनदार माणूस होता, त्याला जन्मठेप लागली. तिकडे आयर्लंडमध्ये तर चर्चच्या संस्थांमध्ये वाढलेले लोकं चाळीस पन्नास वर्षांनी बोलले, 1999 मध्ये तिथल्या पंतप्रधानानं माफी मागितली, 2009 मध्ये आयोगाचा भला मोठा अहवाल आला. त्यांनाही लोकं आधी खोटंच म्हणत होते.

बायकोला सांग, पण तुझ्या मनानं, एकदम सगळं सांगायची गरज नाही. जेवणं झाल्यावर अंगणात बसून इतकंच म्हण की लहानपणी माझ्यासोबत वाईट झालं होतं आणि मला ते आता पोलिसांना सांगायचं आहे. जीव घाबरा झाला, झोप लागली नाही तर 14416 वर बोल, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि लाईट चालू ठेवायचा तर खुशाल ठेव, फक्त आता तिला माहीत असू दे का ठेवतो ते. 1098 वर काय म्हणाले ते मला कळव, मी वाट पाहून राहिली.

— मावशी