बगॅस (उसाचं चिपाड) वाहणाऱ्या कन्व्हेयरचा व्ही-बेल्ट (मोटरची गती कन्व्हेयरला देणारा बेल्ट) बदलताना इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवला तर पुरे का?

नाही, अजिबात पुरे नाही. इमर्जन्सी स्टॉप फक्त कंट्रोल सर्किट तोडतो. पॉवर कॉन्टॅक्टरचे (मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट वेल्ड होऊन चिकटले असतील तर बटण दाबूनही ४१५ व्होल्ट मोटरपर्यंत पोचतात. शिवाय ते बटण कोणीही फिरवून सोडवू शकतो.

एमसीसीमधल्या (मोटर कंट्रोल सेंटर, म्हणजे मोटरींचं स्विच पॅनेल) त्याच मोटरच्या फीडरचा आयसोलेटर (सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) बंद करा, त्याला स्वतःचं कुलूप लावा, टॅगवर नाव आणि वेळ लिहा. चावी तुमच्याच खिशात हवी, सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये नको. दोघे काम करत असतील तर दोन कुलपं. फ्यूज काढून नुसता बोर्ड टांगणं मला कधीच पटलेलं नाही.

मग मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर सप्लाय तपासा. आधी टेस्टर चालू सप्लायवर लावून पाहा, मग तिन्ही फेज एकमेकांत आणि अर्थला, मग पुन्हा चालू सप्लायवर. शेवटची तपासणी लोक हमखास गाळतात, आणि टेस्टर मध्येच बिघडला तर कळतच नाही.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर सप्लाय तोडल्यावरही त्याच्या आतल्या डीसी बसवर, म्हणजे कपॅसिटरवर, काही वेळ सुमारे ५८५ व्होल्ट राहतात. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मग मोजा. मोठ्या मोटरच्या स्पेस हीटरचा (आत ओल धरू नये म्हणून बसवलेल्या हीटरचा) २३० व्होल्टचा सप्लाय बहुधा वेगळा असतो, तोही तोडा.

चढाचा कन्व्हेयर असेल तर व्ही-बेल्ट काढताच कन्व्हेयरचा भरलेला पट्टा मागे धावू शकतो. आधी तो रिकामा करा किंवा यांत्रिक अडकण लावा.