भारतीय हवाई दलाचं पहिलं हेवी बॉम्बर स्क्वाड्रन ब्रिटिशांच्या भंगारातून जुगाड करून उभं केलं होतं, हे खरं का? आणि त्या स्क्वाड्रनने नेमकं काय काम केलं?

भंगार खरं, जुगाड साफ खोटं. हे वाक्य जिथे तिथे वाचून डोकं फिरतं, म्हणून उत्तर लांबणार आहे. स्क्वाड्रनच्या कामाचं शेवटी बघू. आधी ती विमानं पुन्हा उडती कशी झाली ते नीट समजून घ्या.

ती विमानं म्हणजे बी-24 लिबरेटर, चार इंजिनांचे अमेरिकन हेवी बॉम्बर. दुसऱ्या महायुद्धात याच विमानांची आरएएफची (ब्रिटिश हवाई दलाची) स्क्वाड्रनं बंगालमधल्या दिग्री, सालबनी वगैरे तळांवरून ब्रह्मदेश आणि सयामवर जात. ऑक्टोबर 1944 मध्ये 159 क्रमांकाच्या स्क्वाड्रनने पेनांगच्या बंदरात सुरुंग पेरले, ते जाऊन-येऊन 3,000 मैलांचं उड्डाण होतं. विमानं लेंड-लीजखाली (मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य उसनं द्यायच्या अमेरिकन योजनेखाली) आलेली, म्हणजे मालकी अमेरिकेची. युद्ध संपल्यावर ती परत करायची, पैसे मोजून ठेवून घ्यायची किंवा निकामी करायची. सर्वांत स्वस्त तिसरा मार्ग, आणि तोच निवडला गेला. कानपूरच्या तळावर ओळीने उभ्या केलेल्या लिबरेटरवर गाड्या आणि बुलडोझर घातले, पत्र्याला भोकं पाडली, कॉकपिटमधली मापक उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू ओतली. पुन्हा कोणी वापरू नये हाच हेतू होता.

1948 मध्ये हवाई दलाला बॉम्बर हवे होते आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. काश्मीरच्या लढाईत तर डाकोटा या मालवाहू विमानाच्या दारातून बॉम्ब ढकलायची वेळ आली होती. तेव्हा कानपूरची ही रांग बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट (एचएएल) या कारखान्याकडे सोपवली गेली.

जुगाडवाले नेमकं इथेच घसरतात. हा कारखाना डिसेंबर 1940 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन काढला. 1943 मध्ये तो अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि युद्ध संपेपर्यंत तिथे अमेरिकन विमानांची आणि इंजिनांची दुरुस्ती चालली, अमेरिकन मॅन्युअल आणि अमेरिकन तपासणी पद्धतीने. लिबरेटरचं प्रॅट अँड व्हिटनी आर-1830 इंजिन डाकोटालाही आहे. म्हणजे बंगलोरच्या फिटरला ते नवं नव्हतं, त्याने ते वर्षानुवर्षं उघडून पुन्हा बांधलेलं होतं. अशा माणसाने शिकलेलं काम केलं तर त्यात जुगाड कुठून आला?

कामाचे दोन टप्पे होते. कानपूरला फक्त एका उड्डाणापुरती दुरुस्ती करायची, विमान बंगलोरला न्यायचं आणि संपूर्ण ओव्हरहॉल (सगळं उघडून, तपासून पुन्हा बांधणं) तिथे करायचा. उघड्या मैदानात ओव्हरहॉल होत नसतो. जिग (भाग जागेवर धरणारे साचे) नाहीत, टेस्ट बेंच (भाग तपासायची यंत्रणा) नाही, धूळ मात्र भरपूर. कानपूर ते बंगलोर सरळ रेषेत सुमारे 1,500 किलोमीटर, लिबरेटरला साधारण पाच तास. विमानं नेण्याचं हे काम एचएएलचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केलं. अशी चाळीसच्या वर विमानं त्यांनी नेली. यात नशिबाचा भाग असेल, पण चाळीस वेळा नुसतं नशीब चालत नाही. कोल्हापूरकडच्या डॉ. वि. मा. घाटग्यांनी डिझाइन केलेलं एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 मध्ये पहिल्यांदा उडवलं तेही याच मुन्शींनी.

आता वाळूबद्दल. इथे माझं एक जुनं भांडण आहे. ज्यांच्याशी ते झालं ते वाचत असतील तर उत्तमच. त्यांचं म्हणणं, "इंजिन खराब झालं ना? मग इंजिन बदला, विषय संपला." विषय तिथे संपत नाही. अशा रेडियल (सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या) इंजिनात वाळू किंवा धातूचा चुरा शिरला की तो तेलाबरोबर फिरतो. मास्टर रॉडच्या (पिस्टनांना मुख्य दांड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर चरे पडतात ते दिसतात. पण तोच कचरा ऑइल कूलरच्या नळ्यांत, टाकीच्या तळाशी, गव्हर्नरमध्ये (प्रोपेलरचा वेग सांभाळणाऱ्या भागात) आणि प्रोपेलरच्या डोममध्ये (पुढच्या टोपीत) जाऊन बसतो, कारण हायड्रोमॅटिक प्रोपेलर तेलाच्या दाबावरच पात्यांचा कोन बदलतो. जुना कूलर तसाच ठेवून नवं इंजिन लावलंत तर पहिल्या काही तासांतच तो कचरा सुटून नव्या बेअरिंगमध्ये येतो.

म्हणून क्रम असा: इंजिन उतरवा, कूलर बदला (धुऊन पूर्ण साफ झाल्याची खात्री देता येत नाही), टाकी उतरवून धुवा आणि आतून हात फिरवून बघा, सगळ्या नळ्या दोन्ही बाजूंनी फ्लश करा, डोम उघडून साफ करा, गव्हर्नर बेंचवर पाठवा. मगच इंजिन चढवा. ग्राउंड रन (जमिनीवर इंजिन चालवून बघणं) झाला की ऑइल फिल्टर काढून पांढऱ्या फडक्यावर झाडा, आणि पहिल्या उड्डाणानंतर पुन्हा एकदा. फडक्यावर करकर लागली तर विमान उडत नाही, मग वरचा साहेब कितीही ओरडो. फेदरिंगसाठी (बंद पडलेल्या इंजिनाच्या पात्यांची धार वाऱ्याकडे वळवण्यासाठी) लागणारं तेलही त्याच टाकीतून येतं. म्हणजे कचऱ्याने इंजिन गेलं आणि त्याच कचऱ्याने प्रोपेलर फेदर होईना, असं दुहेरी संकट एकाच कूलरमधून उभं राहतं.

पत्र्याचं काम तसं सोपं, फक्त वेळखाऊ. भोकावर ठिगळ मारणं कोणालाही जमतं. रिव्हेटचे (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांचे) नियम ठरलेले: व्यास जाड पत्र्याच्या साधारण तिप्पट, कडेपासून अंतर किमान दोन व्यास, दोन रिव्हेटमध्ये किमान तीन, ठोकून झालेलं डोकं दीड व्यास रुंद आणि अर्धा व्यास उंच. कठीण मिश्रधातूचे रिव्हेट उष्णतोपचारानंतर बर्फात ठेवावे लागतात, बाहेर काढल्यावर दहा-वीस मिनिटांत ठोकले नाहीत तर डोक्याला तडे जातात. खरी भीती असते बुलडोझरचा धक्का आत कुठवर गेला याची. वरचा पत्रा सरळ दिसतो आणि मागची फ्रेम किंवा लाँजेरॉन (सांगाड्याचा लांब आडवा दांडा) वाकलेला असतो. त्यासाठी विमान जॅकवर लेव्हल करून, ओळंबे सोडून, शेपटीपासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतचे कर्ण मोजतात. डावं-उजवं जुळलं नाही तर ठिगळं मोजण्यात अर्थ नाही, तो सांगाडा सुट्या भागांसाठी. सगळी विमानं वाचवायची नव्हती, हे कोणी सांगत नाही. रांगेतल्या अनेक विमानांनी आपले भाग बाकीच्यांना दिले.

सर्वांत त्रास इंधनाच्या टाक्यांचा. पंखात रबराच्या सेल्फ-सीलिंग (भोक पडलं तर आपोआप बुजणाऱ्या) टाक्या, मुख्य बारा. अशी टाकी रिकामी ठेवून उन्हात सोडली की आतलं अस्तर वाळून तडकतं. बाहेरून कळत नाही, पेट्रोल भरलं की दोन दिवसांनी पाझरायला लागतं. लिबरेटर तशीही वास मारण्यासाठी बदनाम होती. बॉम्ब बेमध्ये (विमानाच्या पोटातल्या बॉम्ब ठेवायच्या जागेत) पेट्रोलची वाफ साचते आणि तिथेच विजेवर चालणारे पंप. म्हणून बॉम्ब बेचे दरवाजे, जे दुकानाच्या शटरसारखे बाजूने वर गुंडाळले जातात, थोडे उघडे ठेवून उडायची पद्धत होती. हवा खेळती राहते. इंजिनावर चालणारा हायड्रॉलिक पंप तीन नंबरच्या इंजिनावर असतो, म्हणून ते आधी सुरू करायचं. नवीन माणसाने एक नंबरपासून सुरुवात केली की जुना क्रू चीफ (विमानाचा मुख्य मेकॅनिक) त्याला तिथेच थांबवायचा.

बरं, स्क्वाड्रन. क्रमांक 5, नोव्हेंबर 1948 मध्ये कानपूरलाच उभं राहिलं, या दुरुस्त लिबरेटरवर. त्याने युद्धात काय उद्ध्वस्त केलं असं विचारत असाल तर निराश व्हाल. माझ्या मते त्याचं खरं काम शाळेचं होतं. चार इंजिनांचं विमान, लांब पल्ला, नॅव्हिगेटर, सिग्नलर, गनर, फ्लाइट इंजिनिअर एकत्र घेऊन उडायची सवय भारतीय हवाई दलाला इथेच लागली. 1957 नंतर स्क्वाड्रन कॅनबेरा जेट बॉम्बरवर गेलं, 1961 मध्ये त्याची कॅनबेरा विमानं संयुक्त राष्ट्रांसाठी काँगोत लढली, 1965 मध्ये पेशावरपर्यंत गेली. 1981 पासून अंबाल्याला जॅग्वार लढाऊ विमानं.

लिबरेटर मात्र पुण्यात राहिली. 1951 मध्ये पुन्हा उभारलेलं 6 क्रमांकाचं स्क्वाड्रन लोहगावहून अरबी समुद्रावर टेहळणीला तीच विमानं वापरत होतं, थेट 1968 अखेरपर्यंत. नंतर त्या कामाला एअर इंडियाकडून आलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमानं होती, ती 1976 मध्ये नौदलाकडे, दाभोळीला गेली. मधेच कोणीतरी लिहितं की गोवामुक्तीत लिबरेटरने दाभोळी विमानतळावर बॉम्ब टाकले. नाही. 18 डिसेंबर 1961 ला ते काम लोहगावहूनच उडालेल्या कॅनबेरांनी केलं.

दोन गोष्टी माझ्या विरोधात जातात, त्याही सांगतो. कानपूरची हवा बऱ्यापैकी कोरडी. हीच विमानं तीन वर्षं मुंबईच्या किंवा कोचीनच्या किनाऱ्यावर उभी असती तर गंजाने खेळ संपला असता. आणि डाकोटाचं इंजिन तेच म्हणताना लक्षात ठेवा, सिलिंडर-पिस्टन जवळपास तेच असले तरी लिबरेटरच्या इंजिनाला टर्बो (उंचीवर हवा दाबून देणारं यंत्र) आणि वेगळा कार्ब्युरेटर असतो. डाकोटाचं इंजिन उचलून तसंच बसत नाही.

तरीही जुगाड म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा: 1968 मध्ये निवृत्त झालेली ही विमानं संग्रहालयांनी मागून मागून का नेली? एक कॅनडाला गेलं. एक 1969 मध्ये पुण्याहून उडत अॅरिझोनाला. एक 1974 मध्ये इंग्लंडला आरएएफच्या संग्रहालयात, तेही उडतच. आणखी एक अमेरिकेत दुरुस्त करून 1989 मध्ये पुन्हा उडवलं. एक आपल्याकडे पालमला आहे. आणि विमान दुरुस्तीचा ट्रेड शिकणारं कोणी हे वाचत असेल तर इंजिन बदलताना कूलर बदला. साहेब नको म्हणाले तर लॉगबुकात तसं लिहून त्यांची सही घ्या.