क्लच कुणाच्या पायाखाली आहे ते आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन मिनिटं नुसती बसून राहिले. तुम्ही लिहिलंय की क्लासचा कोर्स संपला, क्लासच्या गाडीवर कोल्हापुरात राजारामपुरीतून सायबर चौकापर्यंत बिनधास्त जाऊन येत होता, पण घरच्या गाडीत बसलं की पहिल्याच गिअरला बंद पडते. शिकाऊ लायसन्स संपायला दीड महिना राहिलाय आणि क्लासवाले म्हणतात, "टेस्टचं टेन्शन घेऊ नका, ते आमच्यावर सोडा." हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे. क्लास वेगळा असेल, वाक्य तेच. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

कच्चं लायसन्स कसं काढायचं, चिन्हं कुठली पाठ करायची यात मी शिरत नाही. ते तुमचं झालंय आणि ते कुणालाही जमतं. खरी गोची त्याच्या पुढे आहे.

आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. तुमच्या अर्जात मोबाईल नंबर कुणाचा आहे ते तपासा. मी ज्या ड्रायव्हिंग स्कूलला गेले होते (नाव घेणार नाही, विचारूही नका), त्यांनी अर्ज भरताना सगळ्यांच्याच अर्जात स्वतःच्या ऑफिसचा नंबर टाकलेला. म्हणे ओटीपीसाठी सारखा तुम्हाला फोन करायला नको. ऐकायला किती सोयीचं! पण ओटीपी त्यांच्याकडे, मेसेज त्यांच्याकडे, टेस्टची तारीख घ्यायची किल्ली त्यांच्याकडे. मला कळायचं ते त्यांनी सांगितलं तर आणि तेवढंच. कधी "साहेब रजेवर आहेत", कधी "टेस्टची गाडी गॅरेजला आहे", कधी "सर्व्हर डाऊन आहे", आणि मग दिवाळी आलीच. दिवाळीनंतर गेले तर काउंटरवरच्या मुलीने माझं शिकाऊ लायसन्स हातात घेतलं, तारखेवर नख टेकवलं आणि म्हणाली, "मॅडम, हे तर संपलंय की." जणू दुधाची पिशवी!

शिकाऊ लायसन्स सहा महिनेच चालतं. संपलं की नवीन अर्ज, नवीन फी, आणि नवीन लायसन्स हातात पडल्यावर पक्क्याच्या टेस्टला उभं राहायचं तर परत ३० दिवस थांबणं आलं. मी चाळिशी ओलांडल्यावर शिकायला लागले, त्यामुळे डॉक्टरांचा फॉर्म १-अ सुद्धा पुन्हा. त्याआधी मी आरटीओच्या खिडकीवर जाऊनही विचारलं होतं, की बाबांनो, उमेदवार मी आहे, माझ्या अर्जाचं काय झालं ते मला सांगा. खिडकीतले गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "अर्ज कुणी भरलाय? त्यांनाच विचारा." त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "ऑफिसात विचारा." या दोन वाक्यांच्या मध्ये माझा अख्खा पावसाळा गेला. आजही तिथून जाताना दात-ओठ खाते. असो.

तर सारथी या लायसन्सच्या सरकारी साइटवर जा, महाराष्ट्र निवडा, अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकून स्थिती बघा. अर्ज क्रमांक तुमच्याकडे नसेल तर क्लासमध्ये जाऊन घ्या, फोनवर मागू नका, समोर उभं राहून घ्या. नंबर त्यांचा असेल तर मोबाईल नंबर बदलायची सोय तिथेच आहे. आणि टेस्टची तारीख स्वतः घ्या. या महिन्याच्या शेवटाची नको, जवळात जवळची मिळेल ती.

जवळची का, तर त्यात हिशेब आहे. टेस्टमध्ये नापास झालं की पुन्हा बसायला किमान सात दिवस थांबावं लागतं. तीनदा नापास झालं तर थेट ६० दिवस. तुमच्याकडे आहेत साधारण ४५. म्हणजे तुमच्या हातात तीनच संधी आहेत असं समजा, आणि त्यासुद्धा तारखा पटापट मिळाल्या तर. क्लासवाले "शेवटच्या आठवड्यात काढून देतो" म्हणत असतील तर ते तुमची एकच संधी ठेवतायत. त्यांचं काही जात नाही, नवीन अर्जाचे पैसे परत त्यांनाच मिळतात. सगळे असे नसतात हे मान्य, माझ्या जावेचा क्लासवाला अगदी देवमाणूस होता. पण देवमाणूस मिळेल या भरवशावर तारीख सोडू नये.

आता घरची गाडी का बंद पडते. ताई, तुम्ही क्लासच्या गाडीत क्लच दाबलेलाच नाहीये. म्हणजे दाबलाय, पण सोडलाय दुसऱ्याने. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ते असतात अडचणीच्या वेळेसाठी. पण दिवसभरात डझनभर शिकाऊ बसवायचे, प्रत्येकाने चौकात गाडी बंद पाडली तर मागचे हॉर्न कोण ऐकणार? म्हणून मग तो पाय तिथे कायमचाच. माझे शिकवणारे गप्पिष्ट होते, एका हातात मोबाईल, खिडकीतून ओळखीच्यांना रामराम, आणि उजवा पाय खाली गुपचूप काम करतोय. आणि वर मला शाबासकी, "वा मॅडम, एकदा पण बंद नाही!" लहानपणी सायकलचं कॅरिअर मागून कुणीतरी धरलेलं असायचं आणि आपल्याला वाटायचं आपणच चालवतोय, तशातली गत.

हे ओळखायचं कसं? गाडी उचलताना तुमच्या डाव्या पायाकडे लक्ष द्या. तुम्ही क्लच सोडत वर येताय आणि मध्येच पेडल तळव्याखालून सुटून खाली गेल्यासारखं वाटलं, तर ते त्यांनी दाबलंय. ब्रेकचंही तसंच, तुम्ही पाय टेकवायच्या आत गाडी हळू झाली तर समजून जा. उरलेल्या तासांना त्यांना सरळ सांगा की दोन्ही पाय मागे सीटखाली घ्या, मला गाडी बंद पाडू द्या. ते हसतील. हसू देत, पैसे तुम्ही भरलेत.

घरच्या गाडीवर हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडल्यावर गाडी जिथे उचलते ती जागा, पायात बसवायला माझ्या भाच्याने मला एकच गोष्ट करायला लावली, आणि क्लासच्या अख्ख्या कोर्सने दिलं नाही ते त्या एका गोष्टीने दिलं. सपाट, मोकळी जागा. पहिला गिअर. ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. टाच जमिनीला टेकवून क्लच इतका सावकाश सोडायचा की कंटाळा आला पाहिजे. एका जागी इंजिनचा आवाज किंचित दबतो, बॉनेट नाकाने वास घेतल्यासारखं जरा उचलतं. तिथे पाय थांबवायचा. सोडायचा नाही, दाबायचा नाही, तिथेच. गाडी आपोआप सरपटायला लागते. मग क्लच दाबा, ब्रेक, थांबा, परत. एका बैठकीत हेच, बाकी काही नाही. प्रत्येक गाडीत ती जागा वेगळी असते, क्लासच्या झिजलेल्या गाडीत खूप वर आणि तुमच्या नव्या गाडीत बहुधा खाली. तुमची गाडी बंद पडते ती एवढ्याचसाठी. तुमचा हात खराब आहे म्हणून नाही.

जागा म्हणाल तर एमआयडीसीतले आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी बरे. रंकाळ्याच्या बाजूला सकाळी मुळीच नको, फिरायला येणारे आजोबा रस्त्याच्या मधोमध चालतात आणि हॉर्न वाजवला तर थांबून आपल्यालाच संस्कार शिकवतात. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच, आणि गरज पडली तर गाडी थांबवता येईल अशा जागी, म्हणजे पुढच्या सीटवर. मागे बसून फोन बघणारा चालत नाही. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावा. आणि माझं वैयक्तिक मत, शेजारी नवरा नको. भाचा, दीर, शेजारची कॉलेजची मुलगी, कुणीही चालेल. ज्याच्याशी संध्याकाळी भाजीवरून बोलायचंय त्याच्याकडून गाडी शिकू नये.

हाफ क्लच बसला की मग चढ. तुमच्या घराजवळच परीक्षा आहे, परीख पूल. पुलाखालून बाहेर निघताना चढावर रांग थांबलेली, मागे दुचाकीवाला तुमच्या बंपरला चाक टेकवून उभा, आणि तुम्हाला गाडी उचलायचीय. इथे पायांची घाई कामाची नाही, हँडब्रेक ओढा. हँडब्रेकवर गाडी उभी, मग क्लच त्या जागेपर्यंत, थोडा ॲक्सिलरेटर, नाक उचललं की हँडब्रेक खाली. गाडी एक बोटभरही मागे येत नाही. कुणीतरी सांगेल की हँडब्रेक वापरणं म्हणजे नवशिक्याचं लक्षण. तो सांगणारा परीख पुलाखाली मागे येतो तेव्हा बघून घ्या. अर्थात एकदम पुलाखाली जाऊ नका, आधी टेंबलाईच्या चढावर दुपारच्या वेळी करून बघा.

टेस्टबद्दल थोडंसंच. ज्या गाडीवर हात बसलाय तीच गाडी न्या. तुमची नेणार असाल तर आरसी, विमा, पीयूसी तिन्ही चालू तारखेचे आहेत ना ते आदल्या दिवशी बघा. पीयूसी संपलेली असते आणि आपल्याला पत्ताच नसतो. बसल्यावर सीट, आरसा, बेल्ट, न्यूट्रल हलवून बघणं, मग चावी. हे सगळं इन्स्पेक्टर साहेबांना दिसेल असं करा, मान वळवून आरशात बघा. आरसा जुळवणं, सुरू करण्याआधीची खबरदारी, इशारा देऊन वळणं, रिव्हर्स घेणं हे टेस्टच्या नियमातच लिहिलेलं आहे, साहेबांची मर्जी नाही ती. गाडी बंद पडली तर घाबरून लगेच चावी फिरवू नका. क्लच, न्यूट्रल, हँडब्रेक, मग चावी. बंद पडलेली गाडी शांतपणे सुरू करणारी बाई बघितली की समोरच्याला कळतं हिला गाडी येते.

"सोडा आमच्यावर" याचा दुसरा अर्थही तुम्हाला कळला असेलच. टेस्टला नुसतं उभं राहायचं, बाकी होऊन जातं, असं सुचवलं जातं. नको, ताई. तसं मिळालेलं लायसन्स पर्समध्ये राहतं आणि गाडी पार्किंगमध्ये.

व्हॉट्सॲपवर तुम्हाला तो मेसेजही आला असेल, की आता आरटीओची टेस्टच नाही, क्लासचं सर्टिफिकेट पुरतं. अर्धवट आहे ते. ही सूट सरकारी मान्यता मिळालेल्या ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरमधून शिकून, तिथली टेस्ट पास होणाऱ्यांना आहे. त्या सेंटरला स्वतःचा ट्रॅक, सिम्युलेटर लागतो, आणि चारचाकीचा कोर्स २९ तासांचा असतो, त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडीवर. गल्लीतल्या एका गाडीच्या क्लासचं सर्टिफिकेट म्हणजे ते नव्हे. २०२१ पासूनचे नियम आहेत हे, मेसेज मात्र दर वर्षी नव्याने येतो. तरी नियम बदलत असतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, सारथीवर एकदा बघून घ्या.

कुणीतरी खाली कमेंटमध्ये ऑटोमॅटिक गाडी घ्या म्हणून लिहिलंय. घ्या ना, पण शिकायचं गिअरवरच शिका. पुढच्या महिन्यात सासऱ्यांना रात्री दवाखान्यात न्यायचंय आणि दारात शेजाऱ्याची गिअरची गाडी उभी आहे, अशी वेळ येते.

आणि लायसन्स मिळाल्यावर पहिल्याच रविवारी पन्हाळ्याला जाऊ नका, सगळे नवीन लोक तिथेच जातात. गेलातच तर अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, उतरणाऱ्याने थांबायचं. उसाचा हंगाम सुरू झाला की फुलेवाडीच्या पुढे संध्याकाळनंतर ट्रॅक्टरच्या मागे धीर धरा. एक ट्रॉली ओलांडली म्हणजे झालं असं नसतं, पुढे दुसरी जोडलेली असते, मागे दिवा असेलच असं नाही, आणि वळणावर मागची ट्रॉली आत येते. महाद्वार रोडला तर गाडी नेऊच नका, ते मलाही अजून जमत नाही, रिक्षा करते.

कार्ड पोस्टाने घरी येतं, तेव्हा अर्जात पत्ता नीट आहे का, फ्लॅट नंबर आहे का, तेही आजच बघून टाका. माझ्या अर्जात तिथेही क्लासचाच पत्ता घातला होता. तुमचा अर्ज क्रमांक हातात आला आणि नंबर कुणाचा निघाला ते इथेच कळवा, आणि घरची गाडी कुठली आहे तेही. माझ्यासारखीच असेल तर तिचा क्लच नेमका कुठे धरतो ते सांगते.