वर्गखोली लवचीक करायची तर आधी रिकामी जागा मोजा

प्रश्न असा आहे: शेजारशेजारच्या दोन वर्गखोल्या, प्रत्येकी 8 × 7 मीटर, उंची 3 मीटर. प्रत्येकीत 30 मुले, एकीत सहा ते आठ वर्षांची, दुसरीत आठ ते दहा. मधली भिंत पाडून तिथे घडीची भिंत बसवावी का, आणि जुने बाक काढून सगळेच चाकांचे घ्यावे का?

भिंतीचे पुढे बघू. खोली लवचीक आहे की नाही हे फर्निचरवरून ठरत नाही. मुले स्वतः किती मिनिटांत मांडणी बदलतात, त्यावरून ठरते. तीन मिनिटांत जमले तर शिक्षक दिवसातून दोनदाही बदल करतील. दहा मिनिटे लागली तर पंधरवड्यात टेबले आहेत तिथेच रुजतील, चाके असोत वा नसोत. खरेदीची प्रत्येक गोष्ट या एकाच कसोटीला लावून बघा.

आता जागेचा हिशेब. खोली 56 चौरस मीटर. भिंतीलगतची कपाटे आणि दारापुढची मोकळी जागा मिळून साधारण 8 जातात. सगळी मुले एकत्र खाली बसतील असा गालिचा हवा, तर दर मुलामागे अर्धा चौरस मीटर धरून 15. टेबल, खुर्ची आणि खुर्ची मागे सरकवायची जागा धरून दर मुलाला सुमारे 1.1, म्हणजे तिसांना 33. बेरीज बरोबर 56 येते आणि खोली तिथेच अडकते. सरकत्या सोंगट्यांच्या कोड्यात पंधरा सोंगट्या हलतात त्या सोळाव्या घराच्या रिकामेपणामुळे. इथेही तेच. म्हणून 1200 × 600 मिमीची दोन मुलांची टेबले 15 ऐवजी 12 घ्या. उरलेल्या सहा मुलांसाठी गालिच्यावर 300 मिमी उंचीचे, पाय दुमडणारे एक बैठे टेबल ठेवा. सुमारे साडेसहा चौरस मीटर मोकळे झाले. लिहायला प्रत्येकाला जागा आहेच, फक्त ती एकाच प्रकारची नाही. बैठ्या टेबलावर मात्र दर तासाला मुले बदला, तीच सहा दिवसभर तिथे नकोत.

टेबलांची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. युरोपीय मानक ईएन 1729 प्रमाणे 1080 ते 1210 मिमी उंचीच्या मुलाला बैठक 310 आणि टेबल 530 मिमी, 1190 ते 1420 मिमीच्या मुलाला 350 आणि 590, तर 1330 ते 1590 मिमीच्या मुलाला 380 आणि 640. मुलांची उंची आधी मोजा, इयत्तेवर जाऊ नका. लहानांच्या खोलीत पहिली दोन मापे लागतील, मोठ्यांच्या खोलीत दुसरे आणि तिसरे. पान्याने उंची बदलणारी टेबले टाळा, कारण तो पाना वर्षभर कोणी हातात घेत नाही. दोन मापे घेतली की पायांवर रंगीत ठिपके लावा आणि गट करताना एकाच रंगाची टेबले जोडा. 530 आणि 590 ची टेबले शेजारी लागली तर मधे 60 मिमीची पायरी होते. चित्राचा मोठा कागद तिथेच मोडतो आणि रंगाची वाटी तिथेच कलंडते.

चाके सगळ्यांना लावू नका. टेबलाला एका बाजूला दोन चाके आणि दुसऱ्या बाजूला दोन साधे पाय पुरतात: एक बाजू उचलायची आणि ढकलगाडीसारखे न्यायचे. खाली ठेवले की ते आपोआप स्थिर होते, ब्रेक विसरण्याचा प्रश्नच नाही. खुर्च्यांना चाके अजिबात नकोत. फिरत्या कपाटाला 75 मिमीची चाके लावा. लहान चाके फरशीच्या सांध्यात अडकतात, त्यांच्यात केस आणि दोरे गुंडाळले जातात. उंची 900 मिमी ठेवा, म्हणजे शिक्षकांची नजर पलीकडे पोचते, आणि पुढून मागपर्यंतचे माप किमान 450, म्हणजे ते कलंडत नाही. त्याहून उंच कपाट भिंतीला स्क्रूने पक्के हवे. फिरत्या कपाटात पुस्तके भरू नका. एक मीटर फळीवरची पुस्तके सहज 20 किलोंच्या पुढे जातात आणि दोन फळ्यांचे कपाट मुलांना हलत नाही. त्यात साहित्याचे ट्रे ठेवा, पुस्तके भिंतीकडे.

खुर्च्यांच्या पायांची रबरी टोपणे हा क्षुल्लक वाटणारा, पण खोलीचा आवाज ठरवणारा भाग. एक टोपण गळाले की पायाची उघडी नळी फरशीवर किंचाळते. शंभराला दहा जादा घेऊन ठेवा आणि दर महिन्याला एकदा खुर्च्या उलट्या करून बघा.

आवाजाबद्दल जरा सविस्तर, कारण लवचीक वर्ग बहुतेक वेळा इथेच फसतात. 1960-70 च्या दशकांत बिनभिंतींच्या शाळांची लाट आली होती. त्यांतल्या कितीतरी शाळांनी गोंगाटाला कंटाळून पुढे भिंती परत बांधल्या. अमेरिकी मानक एएनएसआय एस12.60 रिकाम्या वर्गात आवाज घुमण्याचा काळ 0.6 सेकंदांच्या आत आणि पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलच्या आत ठेवायला सांगते. तुमच्या खोलीचे आकारमान 168 घनमीटर. आवाज घुमण्याचा काळ काढायच्या सॅबिनच्या सूत्राने 0.161 × 168 ÷ 0.6, म्हणजे 45 चौरस मीटर इतके पूर्ण शोषण हवे. 0.8 शोषणगुणांकाचे, म्हणजे पडलेल्या आवाजाचा 80 टक्के भाग शोषणारे ध्वनिशोषक छत 56 चौरस मीटरवर पूर्ण लावले की जवळपास तेवढे मिळते. पातळ गालिचा तीन-चार चौरस मीटरचेच काम करतो. पैसे कमी असतील तर नवी टेबले पुढच्या वर्षी घ्या, छत आधी करा. गटकाम सुरू झाल्यावर मागच्या मुलाला शेजाऱ्याचे बोलणे कळले नाही तर बाकी सगळे वाया.

भिंत पूर्ण पाडू नका. घडीच्या भिंतीचा प्रयोगशाळेतला ध्वनिरोध प्रत्यक्षात बराच घटतो. वर-खालच्या फटींतून आवाज निसटतो आणि खोट्या छताच्या पोकळीतून तर थेट पलीकडे जातो. शिवाय तिचा भार पेलायला वर पक्की तुळई लागते. त्याऐवजी साधारण 1.8 मीटर रुंदीचे, काचेची खिडकी आणि कडेला रबरी पट्टी असलेले भरीव दुहेरी दार काढा. भिंत भारवाहक आहे का हे संरचना अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय तेही नको.

एक फळा एका भिंतीवर आणि दुसरा तिच्या समोरच्या बाजूला हवा, खालची कड जमिनीपासून 600 मिमीवर, म्हणजे लहान मुलेही लिहितील आणि खोलीला एकच 'पुढची बाजू' उरणार नाही. विजेचे सॉकेट चारही भिंतींवर हवेत, जमिनीवरून वायर एकही नको. दारापर्यंतची वाट 1200 मिमी कायम मोकळी ठेवा. व्हीलचेअरला जायला 900 आणि वळायला 1500 मिमी व्यासाचे वर्तुळ लागते, आणि ते प्रत्येक मांडणीत मिळाले पाहिजे. बदलाने गोंधळणारी आणि कमी दिसणारी मुले वर्गात असतात, म्हणून तीन गोष्टी कधीही हलवू नका: गालिचा, प्रत्येकाचा ट्रे आणि पाण्याच्या बाटल्यांची जागा.

शांत कोपरा दोन मुलांपुरताच, 1.5 × 1.2 मीटर, एका बाजूने उघडा आणि दारापासून दूर. मण्यांच्या मऊ पिशव्यांऐवजी धुता येणाऱ्या खोळींच्या घट्ट उशा घ्या. पिशवीची शिवण उसवली की मणी आठवडाभर सापडत राहतात.

खरेदीपूर्वी 1:20 प्रमाणात खोली कागदावर काढा. टेबल 60 × 30 मिमीचे होईल. तुकडे कापून तीनच मांडण्या बसवा: गट, गोल, आणि एकएकट्याचे काम. मग आहे त्या फर्निचरवर दोन आठवडे करून बघा. जमिनीवर लांब पट्ट्या चिकटवू नका, पुसताना कडा उचलल्या जातात. टेबलाच्या कोपऱ्यांपुरते गोल ठिपके टिकतात, प्रत्येक मांडणीला वेगळा रंग. मुलांना क्रम शिकवा: आधी खुर्च्या भिंतीला, मग प्रत्येक टेबलाला दोघे, सगळे एकाच दिशेने फिरत. पहिल्या दिवशी आठ-नऊ मिनिटे लागतील. रोज घड्याळ लावून फळ्यावर आकडा लिहा. दुसऱ्या आठवड्याअखेरीस तो तीनपर्यंत आला नाही, तर मुलांना घाई करू नका. कुठले टेबल कशाला अडते ते बघा आणि खोलीतून एक वस्तू बाहेर काढा.